वकिलातींच्या गल्लींत

पेकिंग शहर, ज्याला हल्लीं सारें जग बीजिंग म्हणतें, तें पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा बादशाही राजवाडा पाहतो, मोठी भिंत पाहतो, भाजलेलें बदक खातो (आमच्यासारखा असल्यास तेवढें वगळतो) आणि परत येतो. आम्हींही पहिले दोन दिवस तोच क्रम चालविला. तिसऱ्या दिवशीं मात्र राजवाड्याच्या दक्षिणेस जो तिएन-आन-मेनचा अफाट चौक आहे, त्याच्या पूर्वेकडील एका गल्लींत शिरलों, आणि सबंध दिवस तेथेंच गेला. गल्ली मैलभर लांब आहे. चौकांतील गर्दी, पिशव्यांची तपासणी, वाटाड्यांचे ध्वज हें सर्व पन्नास पावलांवर मागें राहतें आणि एकदम शांतता लागते. दुतर्फा झाडें, आणि झाडांमागें युरोपांतील एखाद्या जुन्या गांवांतून उचलून आणल्यासारख्या तांबड्या विटांच्या इमारती.

या गल्लीचें नांव तुंग च्याओ मिन श्यांग. परंतु हें नांव मूळचें नव्हे. मूळ नांव होतें 'च्यांग-मी' गल्ली, म्हणजे चिकट तांदळाची गल्ली. दक्षिण चीनमधून कालव्यानें येणारा तांदूळ येथें उतरविला जाई. पुढें उच्चार तोच ठेवल्यासारखा करून अक्षरें बदललीं, आणि तांदळाच्या जागीं 'लोकांशीं संबंध ठेवण्याची गल्ली' असा अर्थ आला. परराष्ट्रसंबंधांचा सारा इतिहास एका नांवांत कोंबावा असेंच हें झालें. कारण मिंग आणि चिंग या दोन्ही घराण्यांच्या काळीं खंडणी घेऊन येणारे कोरियाचे, अनामचे, ब्रह्मदेशाचे वकील याच भागांत उतरत. रशियन लोकांना १७२७ च्या क्याख्ताच्या तहान्वयें येथेंच आपले धर्मोपदेशक ठेवण्याची मुभा मिळाली होती.

चीनच्या बादशहाच्या दृष्टीनें त्या काळीं परराष्ट्र अशी वस्तूच नव्हती. बादशहा हा स्वर्गाचा पुत्र. बाकीचे राजे दूर किंवा जवळ असतील, पण समान नव्हेत. वकिलांचें आगतस्वागत धर्मविधींचें खातें पाही, आणि वकिलानें तीन वेळां गुडघे टेकून नऊ वेळां मस्तक भूमीस लावावें असा नियम होता. १७९३ सालीं इंग्लंडचा वकील लॉर्ड मॅकार्टनी आला, त्यानें एकच गुडघा टेकला, व रिकाम्या हातीं परत गेला. १८१६ सालीं लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट आला; त्यानें मस्तक टेकण्याचें साफ नाकारलें, तेव्हां त्याला भेटीवांचूनच वाटेस लावण्यांत आलें. आम्हां हिंदुस्थानी लोकांस दरबारी मानपानाची ओळख आहे. पेशव्यांच्या दरबारांत इंग्रज वकिलाची बैठक कोठें असावी याचा विचार होत असे. म्हणून या हट्टाला आम्ही हंसणार नाहीं. हंसूं येतें तें याचें कीं, त्याच वेळीं हिंदुस्थानांतील अफू कँटनच्या बंदरांत पेट्यांनीं उतरत होती आणि तिच्यापुढें सारें धर्मविधींचें खातें हतबल होतें.

पुढील हकीकत वाचकांस ठाऊक असेल. १८४२ सालीं नानकिंगचा तह झाला. १८५८ च्या तिएन्त्सिनच्या तहांत परकीय वकिलांनीं कायमचें पेकिंगमध्यें राहावें असें कलम घातलें गेलें. चिनी दरबाराला बंदरें उघडण्यापेक्षां हें कलम अधिक झोंबलें. तें अमलांत येईना म्हणून १८६० सालीं इंग्रज-फ्रेंच सैन्य राजधानीवर चालून आलें आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकुमानें युआन-मिंग-युआन हें बादशाही उद्यान जाळण्यांत आलें. त्या सैन्यांत हिंदी घोडदळही होतें. १८६१ पासून या गल्लींत वकिलाती थाटल्या गेल्या. इंग्रजांनीं एका सरदाराचा वाडा वार्षिक भाड्यानें घेतला; फ्रेंचांनींही असाच एक मिळविला. चीनला आतां परराष्ट्रांशीं बोलावयास एक कचेरी काढावी लागली. तिचें नांव त्सुंग्ली यामेन. परंतु बादशहाची प्रत्यक्ष भेट, तीही मस्तक न टेकतां, मिळावयास १८७३ साल उजाडावें लागलें. ही भेट ज्या मंडपांत झाली तो खंडणीदार वकिलांना भेटण्याचाच मंडप होता, हें परकीयांना मागाहून समजलें व ते चिडले.

आमच्याबरोबर एक चिनी विद्यार्थिनी होती. पेकिंगच्या विद्यापीठांत ती हिंदी शिकत होती, आणि तिचें हिंदी आमच्यापेक्षां शुद्ध होतें. इंग्रज वकिलातीच्या जुन्या जागेपाशीं आलों. आंत जाण्यास अर्थातच मज्जाव आहे. तेथें आतां सरकारी कचेरी आहे आणि पहारेकरी लांबूनच हात हालवितो. समोर रुंद रस्ता, मधोमध झाडींची पट्टी. "येथें पूर्वीं कालवा होता," ती म्हणाली. तोच हा कालवा! १९०० सालच्या बंडाचें वर्णन वाचलेल्यास या कालव्याचें नांव विसरतां येत नाहीं.

त्या वर्षीं उत्तर चीनमध्यें 'बॉक्सर' म्हणून ओळखले जाणारे लोक उठले. दुष्काळ, मिशनऱ्यांचा जाच, आगगाडीमुळें बुडालेला धंदा, आणि चोहोंकडून चाललेली मुलखाची तोडातोड, अशीं कारणें एकत्र झालीं होतीं. आपल्या अंगांत देव येतो व गोळी लागत नाहीं अशी त्यांची समजूत होती. २० जून रोजीं जर्मन वकील बॅरन फॉन केटलर हा यामेनकडे जात असतां भर रस्त्यांत एका चिनी शिपायाच्या गोळीनें मेला, आणि त्याच दिवशीं वकिलातींना वेढा पडला. पंचावन्न दिवस तो चालला. युरोपियनांबरोबर दोन-तीन हजार चिनी ख्रिस्ती लोकही कालव्यापलीकडच्या एका राजपुत्राच्या वाड्यांत आश्रयास होते; त्यांच्या उपासमारीची हकीकत इंग्रजी पुस्तकांत फार थोडी सांपडते.

इंग्रज वकिलातीच्या उत्तर भिंतीला लागून हानलिन विद्यापीठ होतें. त्याला विद्यापीठ म्हणण्यापेक्षां पंडितांची सभा म्हणावें. साऱ्या साम्राज्यांत परीक्षांच्या चाळणींतून शेवटीं जे मूठभर विद्वान उरत, त्यांना येथें स्थान मिळे. तेथेंच युंग-लो बादशहाच्या वेळचा, १४०३ ते १४०८ या काळांत सिद्ध झालेला महाकोश होता: अकरा हजारांवर हस्तलिखित पोथ्या. त्यांपैकीं पुष्कळ आधींच गहाळ झाल्या होत्या. २३ जूनला या इमारतीला आग लागली. वकिलातींतील लोक म्हणाले, आम्हांला जाळून काढण्यासाठीं चिनी सैन्यानें ती लाविली; चिनी लेखकांना हें मान्य नाहीं. लाविली कोणीही, जळाल्या त्या पोथ्या. कांहीं विझवितांना विहिरींत व तळ्यांत गेल्या, कांहीं शिपायांनीं आठवण म्हणून उचलल्या. आज त्या महाकोशाच्या सुमारें चारशे पोथ्या निरनिराळ्या देशांत मिळून शिल्लक आहेत. ज्यांच्या घरीं माळ्यावर वडिलोपार्जित पोथ्यांचीं गांठोडीं आहेत त्यांना या आंकड्याचा अर्थ सांगावयास नको. त्या झाडींच्या पट्टींत आम्ही बराच वेळ नुसते उभे होतों.

वेढा उठला तो १४ ऑगस्टला. आठ राष्ट्रांच्या फौजा समुद्राकडून आल्या होत्या. रशियन, जपानी, अमेरिकन वेगवेगळ्या दरवाजांवर लढत राहिले; आणि जेथें हा कालवा नगरकोटाखालून बाहेर जाई त्या मोरीच्या दारांतून, चिखलांतून वांकून, सर्वांच्या आधीं जे वकिलातींत पोंचले ते होते हिंदी शिपाई. सातवी रजपूत पलटण, आणि तिच्या पाठोपाठ शीख. इंग्रजांचा सेनापति गॅसेली याच्या हाताखालील फौजेंत हिंदी लोकांचाच भरणा होता. जोधपूरचे सर प्रतापसिंह आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह आपापलें दळ घेऊन चीनमध्यें गेले होते.

हें आम्हांला पुस्तकांतून ठाऊक होतें. पण पुस्तकांत वाचणें निराळें आणि त्या जागीं उभें राहून एका चिनी मुलीच्या तोंडून ऐकणें निराळें. तिनें अगदीं सहज विचारलें, "आपल्याकडे शाळेंत हें शिकवितात का?" आम्ही म्हटलें, "नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. मग आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "आणि तुमच्याकडे ग?" "आठ राष्ट्रांच्या फौजेचें शिकवितात," ती म्हणाली, "प्रत्येक मुलाला. पण हिंदुस्थान त्या आठांत नाहीं. ते इंग्लंडचे शिपाई होते ना!"

तिचें उत्तर सौजन्याचें होतें. आम्ही मात्र तेवढ्यावर सुटलों असें आम्हांस वाटलें नाहीं. एक गोष्ट खरी, कीं १९०० साल आमच्याकडे मोठ्या दुष्काळाचें, आणि पुण्या-मुंबईकडे प्लेगचें होतें. ज्या सरकारचे सोजीर १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या तपासणीसाठीं घरांत शिरले, त्याच सरकारचे हिंदी शिपाई तीन वर्षांनीं पेकिंगच्या घरांत शिरले. पोटासाठीं पलटणींत गेलेल्याला कोणत्या देशावर जावयाचें हें विचारण्याचा अधिकार नसतो. पण लूट झाली ती सर्वांनीं केली. ज्या स्वर्गमंदिराच्या आवारांत इंग्रज व हिंदी फौजेचा तळ पडला होता तेथील एक सोनेरी घंटा आपल्याकडे आली आणि एका पलटणीच्या भोजनगृहांत कित्येक वर्षें राहिली. १९९५ सालीं ती परत करण्यांत आली. आदल्या दिवशीं स्वर्गमंदिरांत आम्ही हिंडलों होतों, पण ही घंटा पाहावयाची राहूनच गेली.

त्या फौजेंत गदाधरसिंह नांवाचे एक रजपूत पलटणींतील गृहस्थ होते. त्यांनीं 'चीन में तेरह मास' हें हिंदी पुस्तक लिहून १९०२ सालीं प्रसिद्ध केलें. शिपाईगिरी करीत असतां शत्रु म्हणून नेमून दिलेल्या लोकांविषयीं कळवळ्यानें लिहिणें सोपें नसतें. त्यांनीं तें लिहिलें. वेढ्याविषयीं इंग्रजी पुस्तकें डझनावारी असतील. आम्हांला हें एक पुस्तक त्या डझनांहून मोलाचें वाटतें. हें आम्हीं त्या मुलीला सांगितलें, तेव्हां तिनें पुस्तकाचें नांव आपल्या वहींत देवनागरींत टिपून घेतलें.

७ सप्टेंबर १९०१ रोजीं याच गल्लींतील स्पॅनिश वकिलातींत जो करार झाला त्याचीं कलमें वाचतांना अंगावर कांटा येतो. दंड पंचेचाळीस कोटी तेल चांदी, म्हणजे चीनमधील मुलांमाणसांसह माणशीं एक तेल असा हिशेब. त्यावर शेंकडा चार व्याज, आणि फेड एकोणचाळीस वर्षांची. समुद्रकिनाऱ्यावरील ताकूचे किल्ले पाडावयाचे. ज्या गांवांत परकीयांना मारलें तेथील परीक्षा पांच वर्षें बंद! (विद्यार्थ्यांना शिक्षा करून राजकारण सुधारण्याची ही युक्ति कोणाच्या डोक्यांतून निघाली कोण जाणे.) त्सुंग्ली यामेन मोडून तेथें परराष्ट्रखातें करावयाचें आणि तें इतर सर्व खात्यांच्या वर बसवावयाचें. आणि ही गल्ली व तिच्या भोंवतालचा भाग वकिलातींच्या मालकीचा: तटबंदी, तोफा, स्वतःचे शिपाई, आणि कोणाही चिनी माणसास तेथें घर करून राहण्याचा अधिकार नाहीं. स्वतःच्या राजधानींत, राजवाड्याच्या दाराशीं!

आज आपण ज्या इमारती पाहतो त्या बहुतेक त्यानंतरच्या. फ्रेंच वकिलातीचा तांबडा दरवाजा आणि दोन दगडी सिंह अजून आहेत. कंबोडियाचे सिंहानुक देशत्याग करून आले तेव्हां याच वाड्यांत राहत असत. अमेरिकन पेढीच्या खांबांच्या इमारतींत पोलीस खात्याचें संग्रहालय आहे. सेंट मायकेलचें देऊळ लहान पण सुबक आहे, व तेथें प्रार्थना चालते. यापेक्षां इमारतींविषयीं अधिक लिहीत नाहीं. त्या पाहण्यासाठीं पेकिंगला जाण्याचें कारण नाहीं.

जी वस्तु पाहण्यासाठीं जावें, ती या गल्लींत नाहींच. ती चौकाच्या वायव्येस, चुंग्शान उद्यानांत आहे. दुपारीं आम्ही तेथें गेलों. पूर्वीं हें भूमीच्या व धान्याच्या देवतांचें स्थान होतें. पांच रंगांच्या मातीची चौकोनी वेदी अजून आहे. दक्षिणेकडून आंत शिरतांच समोर पांढऱ्या दगडाची, निळ्या कौलांची एक भव्य कमान उभी राहते. "अहो, ही कोणाच्या विजयाची?" सौभाग्यवतींनीं विचारलें. प्रश्न साधा होता, उत्तर मात्र लांबलें.

ही कमान मूळ उभारली ती जर्मन वकील केटलर जेथें मारला गेला त्या रस्त्यावर. १९०१ च्या कराराचें पहिलेंच कलम असें होतें कीं, बादशहाच्या भावानें बर्लिनला जाऊन क्षमा मागावी, आणि त्या जागीं लॅटिन, जर्मन व चिनी भाषांत बादशहाचा खेद कोरलेलें स्मारक व्हावें. राजपुत्र चुन बर्लिनला गेला. तेथें त्याच्या लोकांनीं कैसरपुढें मस्तक टेकावें अशी मागणी झाली! ज्या प्रथेवरून शंभर वर्षें चीनला रानटी म्हटलें तीच आतां जर्मनांना हवीशी वाटली. राजपुत्रानें नकार दिला, आणि शेवटीं ती सोडून देण्यांत आली. कमान १९०३ सालीं पुरी झाली, आणि पंधरा वर्षें पेकिंगचे लोक तिच्याखालून जात-येत राहिले.

१९१७ सालीं चीन जर्मनीविरुद्ध महायुद्धांत उतरला. सैन्य धाडलें नाहीं, पण सुमारें एक लाख चाळीस हजार चिनी मजूर फ्रान्समध्यें खंदक खणीत व दारूगोळा वाहत होते. नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध संपल्याची बातमी येतांच लोकांनीं केटलरची कमान पाडावयास घेतली. तिचे दगड या उद्यानांत आणून १९१९ सालीं पुन्हां उभे केले, व वर नवीं चार अक्षरें घातलीं: 'न्यायाचा विजय झाला'. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचीं भाषणें त्या वेळीं चीनमध्यें तरुणांना जवळजवळ पाठ होतीं.

आणि त्याच वर्षीं पॅरिसमध्यें विजयी राष्ट्रांनीं शांटुंग प्रांतांतील जर्मनांचे हक्क चीनला न देतां जपानला दिले. शांटुंग म्हणजे कन्फ्यूशियसची जन्मभूमि. ४ मे १९१९ रोजीं सुमारें तीन हजार विद्यार्थी तिएन-आन-मेनपाशीं जमले आणि निवेदन देण्यासाठीं आमच्या या वकिलातींच्या गल्लीकडे निघाले. रविवार होता. अमेरिकन वकील गांवांत नव्हते. गल्लीच्या तोंडाशीं पहारेकऱ्यांनीं त्यांना अडविलें: हा भाग तुमचा नव्हे. तेव्हां ते तेथून वळले आणि ज्याला ते जपानचा हस्तक समजत त्या मंत्र्याचें घर त्यांनीं पेटविलें. अर्वाचीन चीनचें राजकारण त्या वळणापासून सुरू झालें असें तेथील लोक मानतात, आणि आम्हांला तें पटतें. २८ जूनच्या व्हर्सायच्या तहावर चीननें सही केली नाहीं. शांटुंगचा प्रश्न १९२२ सालीं सुटला.

पण जो विश्वास गेला तो परत आला नाहीं. विद्यार्थ्यांचे गुरु ली ता-चाव हे चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे एक संस्थापक झाले. १९२७ सालीं त्यांनीं याच गल्लींत, रशियन वकिलातीच्या आवारांत आश्रय घेतला होता. ६ एप्रिलला सेनानी चांग त्सो-लिनचे लोक इतर वकिलांच्या संमतीनें आंत घुसले. त्याच महिन्यांत ली यांना फांशी झाली. ज्या भिंतींनीं चिनी राज्याला पंचवीस वर्षें बाहेर ठेवलें, त्यांनीं एका चिनी पंडिताला मात्र राखलें नाहीं.

१९४३ सालीं इंग्लंड-अमेरिकेनें आपले विशेष हक्क सोडले. ३ फेब्रुवारी १९४९ रोजीं कम्युनिस्ट सैन्यानें शहरांत संचलन केलें तें मुद्दाम या गल्लींतून. माओ त्से-तुंग यांचें त्या वेळचें धोरण दोन घरगुती वाक्प्रचारांत सांगतात: आधीं घर झाडून घ्यावें, मग पाहुणे बोलवावे, आणि नवी चूल मांडावी. एकत्र कुटुंबांतील वाचकांस वेगळ्या चुलीचा अर्थ आम्हीं काय सांगावा! पहिल्या पाहुण्यांत भारत होता. ३० डिसेंबर १९४९ ला आपण नव्या चीनला मान्यता दिली, १ एप्रिल १९५० पासून दौत्यसंबंध जडले. ऑक्टोबर १९५० मध्यें अमेरिकेला कोरियाविषयीं इशारा द्यावयाचा होता, तेव्हां चौ एन्-लाय यांनीं मध्यरात्रीं बोलावून घेतलें तें भारताचे वकील सरदार पणिक्कर यांना. अमेरिकेनें तो इशारा खरा मानला नाहीं, आणि युद्ध वाढलें.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच बोलली जाते. तिबेटांत ग्यांत्से व यातुंग येथें आपल्याही फौजेच्या तुकड्या होत्या, डाक व तारखातें होतें. सारें इंग्रजांकडून वारशानें आलेलें. वकिलातींच्या गल्लींतील पहाऱ्याच्याच जातीचा हा हक्क. २९ एप्रिल १९५४ च्या करारानें आपण तो सोडला, आणि त्याच करारांत पंचशीलाचीं पांच तत्त्वें आलीं. १९६२ नंतर या सोडण्याला भाबडेपणा म्हणण्याची चाल पडली आहे. सीमेविषयीं तेव्हांच स्पष्ट बोलणें करून घ्यावयास हवें होतें, ही टीका आम्हांसही मान्य आहे. पण तो पहारा ठेवून आपण या गल्लींत कोणत्या तोंडानें उभे राहिलों असतों?

कमानीवरील अक्षरें पुन्हां बदललीं तीं १९५२ सालीं. पेकिंगमध्यें आशिया व पॅसिफिकच्या देशांची शांतता परिषद भरली होती. 'न्यायाचा विजय झाला' हीं अक्षरें काढून क्वो मो-जो यांच्या हस्ताक्षरांत 'शांततेचें रक्षण करा' हीं घातलीं. त्या वेळीं चिनी सैन्य कोरियांत लढत होतें, आणि दहा वर्षांनीं तें हिमालयांत उतरलें. तेव्हांपासून तीच अक्षरें आहेत.

हें सर्व सांगून होईपर्यंत उन्हें कललीं होतीं. कमानीखालीं एक आजोबा नातवाला उचलून वरचीं अक्षरें एकेक करून वाचून दाखवीत होते. सौभाग्यवतींनीं विद्यार्थिनीला विचारलें, "तुला कोणतीं अक्षरें आवडलीं असतीं ग?" ती हंसली आणि म्हणाली, "काकू, मला परीक्षेंत तिन्ही लिहावीं लागलीं."

परततांना भुयारी आगगाडीनें निघालों. जुना नगरकोट पाडून त्याच्याच रेषेंत ही गाडी खालून नेली आहे. मोरीचें तें दार येथेंच कोठें तरी असणार. डबा गच्च भरलेला होता. एका तरुणानें उठून आम्हांस जागा दिली.